वागळे इस्टेट: देणारा हात, घेणारा हात

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून वागळे इस्टेटची बस धरली की तीन हात नाक्यापर्यंतचा रस्ता कुठल्याही शहरातल्यासारखा वाटतो. हायवे ओलांडला की मात्र रस्त्यांची नावे संपतात आणि नंबर सुरू होतात. रोड नंबर १६, रोड नंबर २२, रोड नंबर २८. इथे पत्ता सांगताना लोक मशीद, मंदिर किंवा चौक सांगत नाहीत. "अमुक नंबरच्या रोडला, तमुक गाळा," असे सांगतात. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी नववीच्या बत्तीस मुलामुलींना घेऊन आम्ही दोघे शिक्षक या नंबरांच्या गावात उतरलो.

सहलीला मुले वॉटर पार्क मागतात. आम्ही त्यांना कारखान्यांच्या वस्तीत का नेले, हे आधी सांगायला हवे.

त्याच्या महिनाभर आधी आमच्या शाळेत एक कार्यक्रम झाला होता. एका संस्थेने मुलांना दप्तरे दिली. संस्थेला पैसा परदेशातल्या देणगीदारांकडून येतो, असे आम्हाला सांगण्यात आले. दप्तरे चांगली होती. पण वाटपाच्या वेळी प्रत्येक मुलाने दप्तर छातीशी धरून बॅनरसमोर उभे राहायचे, हसायचे आणि फोटो काढून घ्यायचा, अशी अट होती. एक मुलगी रांगेत सारखी मागे मागे जात राहिली. शेवटी तिचा नंबर आलाच. तिने दप्तर घेतले, फोटोत मान खाली घातली. फोटो काढणाऱ्याने दोनदा सांगितले, "बेटा, ऊपर देखो." आम्ही जवळच उभे होतो. आम्हीही तिला वर बघायला सांगितले. ही गोष्ट आम्हाला आजही बोचते.

दुसऱ्या दिवशी समाजशास्त्राच्या तासाला त्याच मुलीने विचारले, "सर, श्रीमंत देश गरीब देशांना मदत करतात असे पुस्तकात आहे. ते कशासाठी करतात? त्यांनाही फोटो पाहिजे असतो का?"

वर्ग हसला. आम्हाला मात्र उत्तर देता आले नाही. घंटा झाली म्हणून सुटलो. शाळेच्या संगणक खोलीकडे नजर गेली तेव्हा तो प्रश्न आणखी मोठा झाला. तिथे अशाच देणगीतून आलेले दहा संगणक आहेत. त्यातले सहा कापडाखाली झाकलेले, कारण दुरुस्ती ठराविक एजंटाकडूनच करायची असे करारात लिहिले होते आणि त्या एजंटाचा दर शाळेला परवडत नाही. फुकट मिळालेली वस्तू महाग कशी पडते, हे आम्ही रोज बघत होतो.

तेव्हा ठरवले की उत्तर पुस्तकात नाही शोधायचे, पायांनी शोधायचे. आणि त्यासाठी वागळे इस्टेट ही आमच्या ओळखीची जागा होती. आमच्या अब्बांनी तिथे सत्तावीस वर्षे काम केले.

गाजर गवत आणि परदेशी गहू

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झाली आणि तिच्या अगदी पहिल्या वसाहतींमध्ये वागळे इस्टेटचे नाव येते. पश्चिमेला येऊरचे डोंगर, मध्ये कारखान्यांचे पत्रे आणि भोवती किसननगर, श्रीनगर, हाजुरी, सावरकरनगर, इंदिरानगर अशा कामगारांच्या वस्त्या. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आणि उत्तरेतून आलेल्या माणसांनी त्या भरल्या. आज बरेच मोठे कारखाने बंद झालेत. त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि गळ्यात ओळखपत्र लटकवलेली तरुण पोरे चहाच्या टपरीवर दिसतात. पण आतल्या गल्ल्यांत शिरलात तर लेथचा आवाज अजून येतो.

एका बंद कारखान्याच्या कुंपणाशी आम्ही थांबलो. आत कमरेएवढे गाजर गवत माजले होते, पांढऱ्या बारीक फुलांचे. मुलांना विचारले, "हे कुठले गवत?" दोघांनी नाव बरोबर सांगितले. ते कुठून आले, हे कोणालाच माहीत नव्हते.

या गवताचे मूळ अमेरिका खंडात आहे. १९५०च्या दशकात पुण्यात ते अभ्यासकांच्या नजरेत भरले आणि पुढे देशभर पसरले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पोत्यांतून त्याचे बी आले, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली आहेत. तो गहू ज्या कायद्याखाली आला, त्याचे नाव पी.एल. ४८०.

१९५४ साली अमेरिकेने हा कायदा केला. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी इतके धान्य पिकवले होते की कोठारे भरून वाहत होती आणि भाव पडत होते. सरकारला ते धान्य कुठेतरी खपवायचे होते. भारतात धान्य कमी होते आणि डॉलरही कमी होते. म्हणून ठरले की भारताने गहू घ्यावा आणि किंमत रुपयांत द्यावी. ते रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच जमा राहिले. १९६५ आणि १९६६ साली लागोपाठ पाऊस रुसला, तेव्हा १९६६ या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. जहाज बंदराला लागले की धान्य थेट लोकांच्या तोंडात, अशी अवस्था होती.

त्या गव्हाने माणसे जगली, हे खोटे नाही. पण त्याचा लगाम देणाऱ्याच्या हातात होता. व्हिएतनामवरील बॉम्बहल्ल्यांबद्दल भारताने नाराजी व्यक्त केली, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे एकदम न पाठवता थोडी थोडी, हिशोबाने सोडायला सुरुवात केली. शिवाय अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे अशा धान्यातला किमान अर्धा वाटा अमेरिकन जहाजांतूनच यायला हवा होता. म्हणजे शेतकरी त्यांचा, जहाज त्यांचे, आणि उपकारही त्यांचाच.

खात्यात रुपये इतके साचले की त्यांचे करायचे काय, हा दोन्ही सरकारांपुढे प्रश्न उभा राहिला. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला. त्या काळातला तो जगातला सर्वांत मोठा चेक म्हणून नोंदला गेला. मुलांना आम्ही आकडा फळ्यावर लिहितो तसा पाटीवर खडूने लिहून दाखवला. एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे आपलेच पैसे आपल्याला परत दिले?" आम्ही म्हणालो, "बऱ्याच अंशी, हो. आणि तरीही ती मदत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात."

चाचांचा गाळा

अब्बांचे एक जुने सहकारी आता स्वतःचा छोटा गाळा चालवतात. दोन लेथ, एक ड्रिल, चार कामगार. मुले आत मावली नाहीत म्हणून आठ-आठच्या तुकड्या केल्या. चाचांनी लोखंडाचा एक गोळा लेथवर लावून त्याची चकती कशी निघते ते दाखवले. तापलेल्या चुऱ्याच्या कुरळ्या पट्ट्या जमिनीवर पडत होत्या आणि मुले त्या उचलायला धावत होती.

मुलीचा प्रश्न आम्ही चाचांना सांगितला. ते हसले. म्हणाले, "बेटा, आमच्या धंद्यात याला साधा नियम आहे. कोणी मशीन फुकट देतो म्हणाला तर आधी विचारायचे, पार्ट कोणाकडून घ्यायचा? पार्ट त्याच्याच दुकानातून असेल, तर मशीन फुकट नाही. त्याने गिऱ्हाईक विकत घेतले."

जगातल्या परदेशी मदतीचा मोठा भाग एवढ्या एका वाक्यात समजतो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेने मार्शल योजनेखाली पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर दिले. त्या पैशातून युरोपने धान्य, यंत्रे, इंधन घेतले आणि त्यातले पुष्कळ अमेरिकेतूनच घेतले. युरोप उभा राहिला, अमेरिकेचे कारखाने चालू राहिले, आणि रशियाच्या बाजूला जाऊ शकणारे देश अमेरिकेच्या बाजूला राहिले. तिघांचे भले झाले असे म्हणता येईल. पण ते केवळ दयेतून झाले, असे म्हणता येणार नाही.

आपल्या ठाणे जिल्ह्यातलेच ताजे उदाहरण बघा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन शीळफाट्याजवळून, दिव्याच्या बाजूने जाते. २०१७ साली कामाची पायाभरणी झाली. सुरुवातीचा अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता. त्यातला ८१ टक्के पैसा जपान कर्जाने देणार, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे, पहिली १५ वर्षे परतफेड नाही. आपल्याला घरासाठी बँक असे कर्ज देईल का? मग जपानने का दिले? कारण त्याबरोबर जपानचे शिंकान्सेन तंत्रज्ञान येणार होते. जपानी कंपन्यांना परदेशात मोठे काम मिळणार होते आणि आशियात चीनच्या शेजारी एक भक्कम मित्र मिळणार होता. परतफेड येनमध्ये आहे, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत येन महागला तर तो भार आपला. इकडे पूल आणि खांबांचे काम भारतीय कंपन्यांना मिळाले, हजारो मजुरांना रोजगार मिळाला. आणि शीळ, म्हातार्डी, आगासन या गावांत जमिनी देण्यावरून लोक रस्त्यावर उतरले. कर्जाच्या टेबलावर दोन सरकारे बसली होती. ज्याची जमीन जाणार, त्याची खुर्ची तिथे नव्हती.

एवढे बोलणे झाल्यावर चाचांनी कोपऱ्यातली एक चकती उचलली. पंपाला लागणारा सुटा भाग. म्हणाले, "आता माझीपण गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी अशा तीनशे चकत्यांची ऑर्डर होती. पार्टीने सांगितले, माल आफ्रिकेला जाणार, तिथल्या सरकारला आपल्या सरकारने कर्ज दिले आहे."

हे आम्हालाही नवे होते. भारत आता घेणारा राहिला नाही, देणाराही झाला आहे. २००४ च्या त्सुनामीत भारताने परकीय सरकारांची मदत नाकारली. २०१२ साली परराष्ट्र मंत्रालयात दुसऱ्या देशांना मदत देण्यासाठी वेगळा विभाग सुरू झाला. काबूलचे संसद भवन भारताने बांधून दिले, हेरात प्रांतातले सलमा धरण २०१६ साली पूर्ण केले, भूतानला तर अनेक वर्षांपासून सर्वांत मोठा वाटा जातो. आणि आफ्रिकेतल्या देशांना आपण जी सवलतीची कर्जे देतो, त्यांत साधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्यात, अशी अट असते.

चाचांनी चकती परत जागेवर ठेवली. "म्हणजे त्या वेळी पार्टवाला दुकानदार मीच होतो," ते म्हणाले. मुले हसली. आम्हीही हसलो, पण विचारात पडलो. दुसऱ्याच्या अटीवर रागावणारे आपण, आपली अट सहज विसरतो.

पासपोर्ट कार्यालयाची रांग

दुपारी डबे खाऊन आम्ही पासपोर्ट कार्यालयाच्या बाजूने निघालो. वागळे इस्टेटचे नाव आज कल्याण, भिवंडी, मुंब्रा, डोंबिवलीपर्यंत घराघरात माहीत आहे ते या कार्यालयामुळे. फाइल काखेत धरलेली तरुण मुले, हज किंवा उमऱ्याला निघालेली वयस्कर जोडपी, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या माता. आमच्या वर्गातल्या बत्तीसपैकी सात मुलांचे वडील किंवा भाऊ आखातात आहेत. त्यांच्यासाठी ही रांग ओळखीची होती.

इथे मुलांना एक हिशोब सांगितला. २०२३ साली जगातल्या सगळ्या श्रीमंत देशांनी मिळून सगळ्या गरीब देशांना दिलेली सरकारी मदत सुमारे २२० अब्ज डॉलर होती. आणि परदेशात राबणाऱ्या भारतीयांनी त्याच वर्षी एकट्या भारतात पाठवलेली रक्कम १०० अब्ज डॉलरहून अधिक होती. म्हणजे दुबईत टाइल्स बसवणारा, कुवेतमध्ये गाडी चालवणारा, रियाधच्या दवाखान्यात नर्स असणारी, ही माणसे सरकारांपेक्षा थोर देणगीदार आहेत. त्यांच्या पैशावर कोणाची अट नाही, बॅनर नाही. मनीऑर्डरची जागा आता मोबाइलने घेतली, एवढाच फरक. त्याची किंमतही आहे. वडिलांना वर्षातून एकदा बघणारी मुले आमच्या वर्गातच बसली होती. शिकवून तयार केलेले डॉक्टर आणि नर्स श्रीमंत देशांना मिळतात, तेव्हा गरीब देशही त्यांना एक प्रकारची मदतच करत असतो. तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

"मग सगळी मदत वाईटच का?" दुसऱ्या एका मुलाने विचारले. नाही. तसे सांगितले असते तर आम्ही मुलांना अर्धेच शिकवले असते.

इथून फार दूर नाही, पवईला आयआयटी आहे. १९५८ साली ती सुरू झाली ती युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाने दिलेल्या यंत्रांच्या आणि तज्ज्ञांच्या मदतीने. कानपूरच्या आयआयटीला अमेरिकेने मदत केली, मद्रासच्या आयआयटीला पश्चिम जर्मनीने. रशिया आणि अमेरिका यांच्यात चढाओढ होती, भारताने दोघांकडूनही घेतले. पण शिकवणार काय, प्रवेश कोणाला, हे आपण ठरवले. तज्ज्ञ परत गेले, संस्था राहिली. देवी रोगाचे उच्चाटन हेही तसेच. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. अमेरिका आणि रशिया एकमेकांचे शत्रू असताना या कामात मात्र दोघांचा हात लागला. एड्सच्या औषधांसाठी अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केलेल्या योजनेने आफ्रिकेत लाखो जीव वाचवले.

आणि देणाऱ्याचा हात अचानक मागे गेला तर काय होते, हे आपण २०२५ साली पाहिले. अमेरिकेची मदत देणारी यूएसएड ही संस्था त्या वर्षी १ जुलैला बंद झाली. औषधांचे दवाखाने अडचणीत आले. त्याच वेळी अमेरिकेतले धान्य विकणारे शेतकरी आणि संशोधन करणारी विद्यापीठेही तक्रार करू लागली. मदत बंद झाल्यावर कोण कोण ओरडते ते पाहिले की तिचा लाभ कोणाकोणाला होत होता ते समजते. पण शेतकऱ्याचे उत्पन्न घटले आणि रुग्णाची गोळी बंद झाली, या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाचा ०.७ टक्का वाटा द्यावा, असे संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरले. अर्धशतक उलटले. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके देश सोडले तर बाकीच्यांना तो पाळता आलेला नाही. कारण ती इच्छा आहे, कर्ज नाही. दिले तर उपकार, नाही दिले तर कोणी विचारणार नाही.

अब्बांची पगाराची पावती

परतीच्या बसची वाट बघताना, कामगार हॉस्पिटलच्या रस्त्यावर, आम्ही दप्तरातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात अब्बांच्या पगाराच्या जुन्या पावत्या होत्या. त्या दाखवण्यासाठीच खरे तर ही सहल होती.

अब्बा बीड जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरे चारा छावणीला गेली. रेशनवर परदेशातून आलेली मिलो ही लाल ज्वारी मिळायची. अब्बा सांगायचे, तिची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडकायची. शाळेत मुलांना सुकडी मिळे. अब्बांनी कधी त्या ज्वारीला नावे ठेवली नाहीत. "भूक भागली," म्हणायचे. पण तिच्याविषयी प्रेमानेही बोलले नाहीत.

प्रेमाने ते बोलायचे ते रोजगार हमीविषयी. दुष्काळात महाराष्ट्राने लोकांना काम मागण्याचा मार्ग दिला. खडी फोडा, पाझर तलाव खोदा, रस्ता बांधा आणि मजुरी घ्या. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून उभ्या राहिलेल्या या योजनेचा १९७७ साली कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळाले पाहिजे, नाही मिळाले तर बेकारी भत्ता. देशभराचा रोजगार हमी कायदा २००५ साली आला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

तिला पैसा कुठून आला? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारांनी, व्यापाऱ्यांनी, डॉक्टर-वकिलांनी थोडे थोडे द्यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची आणि ते सगळे गावातल्या मजुरीला जायचे. अब्बा दुष्काळानंतर ठाण्याला आले, वागळे इस्टेटमध्ये कामाला लागले. त्यांच्या पावतीवर एक ओळ आहे, कपातीची. काही रुपये, फार नाहीत. आणि गावाकडे त्यांचे थोरले भाऊ, आमचे बडे अब्बा, त्याच वर्षांत रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होते. एका भावाच्या पगारातून कापलेला रुपया सरकारी खजिन्यातून फिरून दुसऱ्या भावाच्या हातात मजुरी म्हणून पडत होता. दोघांनाही एकमेकांचे आभार मानायचे नव्हते. बडे अब्बांनी कधी कोणासमोर मान खाली घातली नाही. मजुरी उशिरा मिळाली की ते तहसील कचेरीवर जाऊन भांडायचे. खोट्या हजेऱ्यांच्या, अडकलेल्या मजुरीच्या तक्रारी तेव्हाही होत्याच. पण भांडता येत होते, ही खरी गोष्ट. मिलोच्या पोत्याशी कोणाला भांडता आले असते?

आम्ही त्या मुलीला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर या कागदावर आहे. मदत का दिली, हे शोधत बसलो तर प्रत्येकाच्या मनात काही ना काही सापडेल. तुझ्या, माझ्या, सरकारांच्याही. त्यापेक्षा एवढे विचार. पैसा शेवटी खर्च कुठे झाला? ठरवले कोणी? नको म्हणता येत होते का? आणि कमी पडले तर घेणाऱ्याला भांडता येत होते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो असेल, तर तो हक्क. नाही असेल, तर तो उपकार, मग देणारा कितीही भला असो."

हे आपल्याला नवे नाही. मालदाराच्या मालात मागणाऱ्याचा आणि मागू न शकणाऱ्याचा हक्क असतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. जकात देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचे त्याच्याकडे असलेले त्याला पोचवतो. आणि दिल्यावर बोलून दाखवले, दुखावले, तर दिलेलेही वाया जाते. श्रीमंत देशांना हे सांगायला आम्ही कोण? पण आमच्या शाळेच्या दारात तरी ते पाळता येईल.

सोमवारी आम्ही आमची स्वतःची पगारपावती वर्गात दाखवली. त्या ओळीत आजही दरमहा २०० रुपये व्यवसाय कर आहे, फेब्रुवारीत ३००. मुलांनी ती हातोहात फिरवून बघितली. एकाने विचारले, "सर, वाईट वाटते का कापल्यावर?" थोडे वाटते, असे खरे सांगितले.

झाकलेल्या सहा संगणकांपैकी चार आता चालू आहेत. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो याच इस्टेटमधल्या एका कंपनीत काम करतो, दोन रविवार घालवून त्यांत फुकट मिळणारी प्रणाली टाकली. उरलेल्या दोघांचे सुटे भाग त्याने या चारांसाठी वापरले.

नव्या वर्षाच्या दप्तरांसाठी दोन संस्था आल्या. मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही सांगितले की सामान कार्यालयात ठेवावे, वर्गशिक्षक ते वर्गात देतील, हिशोबाची सही-शिक्क्याची यादी तुम्हाला मिळेल, फोटो मिळणार नाही. एका संस्थेने थोडा विचार करून मान्य केले. दुसरी पुन्हा आली नाही. दहा दप्तरे कमी पडली. ती आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून आणली आणि बाकीच्यांत मिसळून टाकली. कुठले दप्तर कोणाचे, हे आता आम्हालाही ओळखता येत नाही.

त्या मुलीने दप्तर घेताना मान वर केली होती की नाही, ते आम्ही पाहिले नाही. आम्ही तेव्हा फळा पुसत होतो.